पुढील आदेशापर्यंत

शिक्का मी स्वतःच्या पैशानं करून घेतला,
दौलतगंजात, ब्याण्णव साली, बारा रुपयांना.
ग्रंथपाल. आणि त्याच्या आधी, बारीक अक्षरांत, प्रभारी.
करणारा म्हणाला, बाई, हा शब्द जरा सुटा कोरतो,
कायम झालात की तेवढाच कापून टाकता येईल.
भला माणूस. माझ्याहून जास्त आशा होती त्याला.

आदेश एका ओळीचा:
पुढील आदेशापर्यंत ग्रंथालयाचे काम पाहावे.
पाहिलं.
कपाटांच्या पाठीमागून चढत आलेली वाळवी पाहिली,
मे महिन्यात कूलरच्या जाळीत खस वाळून काडी होताना पाहिली.
नकाशांच्या खोलीत सोव्हिएत संघ अखंड टांगलेला होता
दोन हजार अकरापर्यंत.
त्यालाही बहुधा पुढील आदेश आला नसावा.
सहा प्राचार्य पाहिले. त्यातले चार प्रभारी.

रबर झिजत गेलं.
आधी प्र पुसट झाला, मग गेलाच,
आणि प्रत्येक पुस्तकावर उमटू लागलं
भारी ग्रंथपाल.
मुलं हसायची. मीही हसायचे,
नवा शिक्का मागितला नाही.

निरोपाला शाल, नारळ, गजकचा डबा.
कॉलेज आपलं आभारी आहे, असं म्हणाले.
एका अक्षराचा तर फरक.

आता फाइलीवर आक्षेप आहे:
प्रभारी कालावधी अर्हकारी सेवेत धरता येत नाही.
सव्वीस वर्षं.
होते, पण धरता येण्यासारखी नव्हते.
पगारातली कपात मात्र धरता आली, दर महिन्याला.
निवडणुकीत भिंडच्या रस्त्यावरल्या एका शाळेत
मतपेट्यांना टेकून रात्र काढली, डासांत,
तिथं कुणी विचारलं नाही, बाई, तुम्ही प्रभारी ना?
मग राहू द्या.

शितोळे वकील म्हणतात, पुरावा आणा, सलग काम केल्याचा.
अकरा हजार चारशे आठ पुस्तकं दाखल केलीत मी,
प्रत्येकाच्या सतराव्या पानावर, खाली कोपऱ्यात,
माझी आखूड सही आहे. सु. इं.
तिच्या आधी काही नाही, नंतरही काही नाही.
कशावर घालून आणू, वकीलसाहेब?
हातगाडीवर?

तर बाड्यावरून टेंपो, मोतीमहाल,
चार नंबरची खिडकी, जेवणाच्या सुट्टीनंतर.
खिडकीत भदौरिया.
ओळखला मी. नव्व्याण्णव साली बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला होता,
लेखाशास्त्राचं पुस्तक सात महिने घरी,
दंड अडुसष्ट रुपये. बाप नुकताच गेलेला.
दंड माफ करायचा अधिकार प्रभारीला नसतो,
तेव्हा मी पर्समधून भरला. पावती आहे अजून.
त्यानं मला ओळखलं नाही.
पावती मी काढली नाही. एकदा पर्सची चेन उघडली होती,
खोटं कशाला बोलू.

मॅडम, नियम तो नियम है, असं म्हणाला,
पण अर्ज ठेवून घेतला. आवक नंबर टाकला.
सही केली, आणि खाली शिक्का मारला,
नवा कोरा, शाई ओली, प्र अगदी ठसठशीत:
प्रभारी लेखापाल.

दोघंही त्या कागदाकडं बघत राहिलो.
किती वर्षं झाली रे?
नौ, म्हणाला. बस, इस साल हो ही जाएगा.

मागची रांग कुरकुरायला लागली होती.
मी चष्मा काढला, पदराला पुसला,
आणि म्हटलं, वेतनचिठ्ठ्या ठेवतोस ना सगळ्या?
पत्र्याच्या पेटीत ठेव.
लाकडात नको.